आधी पगारपत्रक वाचायला शिका

'नोकरीत राहून शिकणं' या विषयावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. शिक्षकांची पत्रं येतील, परिचारिकांची येतील असा संपादकांचा अंदाज होता आणि तशी ती आलीही. पण त्यातून एक वेगळाच गठ्ठा निघाला: कंपन्या, बँका आणि कचेऱ्यांमध्ये अंतर्गत संवादाचं काम करणाऱ्यांचा. म्हणजे गृहपत्रिका काढणारे, साहेबांची भाषणं लिहिणारे, सूचना फलक आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळणारे.

महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणी टिकवायची तर पाच वर्षांत ३० क्रेडिट तास दाखवावे लागतात. सीएला त्याच्या संस्थेचे तास भरावे लागतात. या मंडळींना मात्र कुणी विचारतच नाही, की बाबा, एवढ्यात नवीन काय शिकलास? काय शिकायचं आणि शिकायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात शिशाच्या खिळ्यांच्या छपाईपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत मी हेच काम केलं, म्हणून संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. पत्रं थोडी छाटली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न: ताई, चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआरमध्ये आहे. 'तुझं मराठी चांगलं आहे' म्हणून अंतर्गत संवादाचं काम माझ्याकडे आलं ते कायमचंच. न्यूजलेटर, टाऊनहॉलचं (सगळ्या कंपनीच्या एकत्र सभेचं) सूत्रसंचालन, सुरक्षा सप्ताहाची पोस्टरं, वाढदिवसांचे मेल, सगळं मीच करते. ट्रेनिंगचं बजेट मागितलं तर साहेब म्हणाले, 'ते इंजिनिअरांसाठी असतं. तुला मेलच तर पाठवायचेत.' आता स्वतःच्या पैशाने कोर्स करायचं ठरवलंय. कॅनव्हा करू, व्हिडिओ एडिटिंग करू की एआय?

तिन्ही करा, पण त्यात पैसे घालू नका. कॅनव्हा दोन रविवारांत येतं आणि व्हिडिओ कापायला तुमच्या घरातलं कॉलेजात जाणारं कुणीही शिकवेल. साहेबांच्या बोलण्याचा राग येणं साहजिक आहे, मलाही वाचताना आला. पण त्यांना तुमचं काम मेल पाठवण्याएवढंच दिसतं, आणि तुम्ही शिकायला निवडलेल्या तिन्ही गोष्टी मेल जास्त देखणा करण्याच्या आहेत. त्यांचा समज त्याने पक्काच होणार.

माझं सांगणं एवढंच की आधी पगारपत्रक वाचायला शिका. अगदी खरंखुरं, तुमच्या कंपनीतल्या ऑपरेटरचं.

का ते सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि जुने २९ कायदे त्यांत गेले. वेतन संहितेत 'वेतन' कशाला म्हणायचं याची नवी व्याख्या आहे: बेसिक, महागाई भत्ता आणि रिटेनिंग अलाउन्स (काम नसलेल्या काळातही माणूस टिकवायला दिलेला भत्ता) म्हणजे वेतन, बाकीचे भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. बऱ्याच कंपन्यांत बेसिक तुटपुंजं आणि भत्त्यांची रांग असायची, म्हणून पगारपत्रकांची मांडणी बदलावी लागली. एका वाचकाने मला त्याच्या कारखान्याच्या फलकावरच्या सूचनेचा फोटो पाठवलाय. ती अशी:

'सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, वेतन संहिता २०१९ मधील तरतुदींच्या अनुषंगाने वेतन संरचनेची पुनर्रचना करण्यात येत असून याबाबत कोणत्याही कर्मचाऱ्यास शंका असल्यास मनुष्यबळ विभागाशी संपर्क साधावा.'

ही सूचना वाचून फर्स्ट शिफ्टचा माणूस काय करेल? मनुष्यबळ विभागाकडे तो जाणार नाही. तो युनियनच्या माणसाकडे जाईल, नाहीतर टपरीवर. आणि तिथे त्याला एकच गोष्ट विचारायची असेल: हातात कमी येणार का?

आता हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून तीच सूचना लिहायला बसा. तीन ओळींत तुम्ही अडता, कारण उत्तर तुम्हाला माहीत नसतं. पीएफ नेमका कशावर कापला जातो, पूर्ण बेसिकवर की १५,००० रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवर? मर्यादेवरच कापला जात असेल तर नव्या व्याख्येमुळे हातातली रक्कम घटत नाही, हे कामगार मंत्रालयानेही स्पष्ट केलं होतं. पूर्ण बेसिकवर कापला जात असेल तर घटू शकते. ग्रॅच्युइटीचं काय? मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळू शकते, ते तुमच्या कंपनीत कुणाला लागू आहे? हे सगळं घेऊन पेरोलच्या माणसासमोर तासभर बसावं लागतं. तो आधी वैतागेल. मग खूश होईल, कारण इतक्या वर्षांत त्याला कुणी हे विचारलेलं नसतं. आणि मग सूचना अशी होते:

'या महिन्यापासून तुमच्या पगारपत्रकातल्या काही ओळी बदललेल्या दिसतील. बेसिक वाढलेलं असेल, भत्ते कमी झालेले असतील. एकूण पगार तोच आहे. पीएफ पूर्वीप्रमाणेच १५,००० रुपयांवर कापला जाईल, म्हणून हातात येणारी रक्कम कमी होणार नाही. ग्रॅच्युइटी यापुढे वाढलेल्या बेसिकवर मोजली जाईल. काही विचारायचं असेल तर पगारपत्रक घेऊन दुपारी ३ ते ५ टाइम ऑफिसला या.'

हा मजकूर उचलून तुमच्या फलकावर लावू नका हं. तुमच्याकडचं गणित निराळं असू शकतं. तेच तर शोधून काढायचंय.

सीपीडी, म्हणजे नोकरीत राहून आपल्या धंद्याचं ज्ञान वाढवत राहणं, ते आपल्या कामात असं दिसतं. त्या एका सूचनेसाठी तुम्ही कायदा शिकलात, पेरोल शिकलात, आणि लोक कुठे अडतात ते शिकलात. दिवसभराच्या 'इफेक्टिव्ह कम्युनिकेशन'च्या वर्गात यातलं काही मिळालं नसतं. तिथे बहुतेकदा डोळ्यांत बघून बोला, हातांची घडी घालू नका, आणि जेवणात पनीर.

दुसरं शिक्षण शिफ्ट बदलताना. तुमच्या लाइनवरचा मुलगा बीडचा असेल, तसाच बिहारचा किंवा ओडिशाचाही असेल, आणि तो बहुधा कॉन्ट्रॅक्टवर असेल. तुमच्या न्यूजलेटरच्या यादीत तो नसतोच, कारण त्याला कंपनीचा मेल आयडी नाही. प्रेस मशीनखाली बोटं मात्र त्याचीही असतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्याची अट होती. आज तुमच्या कारखान्याच्या एखाद्या विभागात ही 'बहुसंख्य' भाषा मराठीच आहे, असं टाइम ऑफिसला न विचारता गृहीत धरू नका. विचारा, आकडा लिहून घ्या. सुरक्षा सप्ताहाची पोस्टरं दर ४ मार्चला तुम्ही करताच. यंदा ती लावण्याआधी लाइनवरच्या दोघा-तिघांना वाचायला देऊन 'यात काय करायला सांगितलंय?' एवढंच विचारा. 'समजलं का?' असं विचारू नका. समजलं का म्हटलं की सगळेच हो म्हणतात.

बजेटचं म्हणाल, तर साहेबांकडे पैसे मागू नका, वेळ मागा. सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगला मागे बसू द्या. कॉस्टिंगवाल्यांबरोबर एक दिवस. गिऱ्हाईक ऑडिटला येतं तेव्हा सोबत फिरू द्या. याला 'बजेट नाही' म्हणता येत नाही. हिशेबाची भाषा अगदीच परकी वाटत असेल तर सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन मंचावर अकाउंटिंगचे आणि व्यवस्थापनाचे चांगले अभ्यासक्रम आहेत. शिकणं फुकट, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी. साध्या 'मार्जिन'चा आणि 'रिजेक्शन'चा अर्थ कळला की साहेबांचं टाऊनहॉलचं भाषण तुम्ही वेगळंच लिहाल, आणि तो फरक सगळ्यात आधी साहेबांच्याच लक्षात येईल.

एक वही घाला. काय अडलं, कुणाला विचारलं, त्यामुळे मजकुरात काय बदललं. आधीची आणि नंतरची सूचना शेजारी-शेजारी चिकटवा. अप्रेझलला ही वही टेबलावर ठेवलीत तर मेल पाठवण्याचा विषय निघणार नाही. निघालाच, तर नोकरी बदलताना दुसऱ्या टेबलावर ठेवा.

प्रश्न: नमस्कार. मी मूळचा पलूसचा, सध्या इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका स्थानिक प्रशासनात अंतर्गत संवादाचं काम करतो. मॅनेजरच्या आग्रहाने सीआयपीआरचा सभासद झालो. वर्षाला ६० गुणांचं सीपीडी भरावं लागतं. खरं सांगतो, वेबिनार एका स्क्रीनवर चालू असतो आणि मी दुसऱ्या स्क्रीनवर मेल उरकतो. गुण मिळतात. याला काही अर्थ आहे का, की हाही एक सरकारी रकानाच?

वेबिनार चालू ठेवून मेल उरकणं हा रकाना भरणंच आहे, तुम्हाला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं एवढंच. पण चूक योजनेची नाही.

पार्श्वभूमी इतर वाचकांसाठी. चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक रिलेशन्स, म्हणजे सीआयपीआर, ही ब्रिटनमधली जनसंपर्कवाल्यांची संस्था १९४८ सालची, २००५ मध्ये तिला राजसनद मिळाली. तिच्या सीपीडीत दरवर्षी ६० गुण जमवायचे, आणि त्यातले काही गुण नीतिमत्तेच्या विषयाचे असलेच पाहिजेत. पुढे 'चार्टर्ड' व्हायचं तर दिवसभराच्या मूल्यांकनात नीती, नेतृत्व आणि धोरण यांवर आपली समज दाखवावी लागते. केवळ अंतर्गत संवादवाल्यांची वेगळी संस्थाही तिथे आहे, इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल कम्युनिकेशन. तिचं मूळ १९४९ सालच्या औद्योगिक संपादकांच्या संघटनेत. आणि तुम्ही पलूसचे म्हणून मुद्दाम सांगते: त्याच्या कितीतरी आधी, १९२० मध्ये, तुमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचं पत्र सुरू केलं होतं. १९२९ पासून ते 'किर्लोस्कर' मासिक म्हणून महाराष्ट्रभर गेलं. तेव्हा साहेबाच्या देशात हे काम शिकायला आलोय, असा संकोच पलूसच्या माणसाने तरी बाळगू नये.

आता गुणांचं. वर्षाच्या सुरुवातीला वेबिनारची यादी उघडून बसू नका. येत्या वर्षात तुमच्या कचेरीत काय घडणार आहे ते बघा. ब्रिटनमधल्या स्थानिक प्रशासनांचे खिसे गेली काही वर्षं किती फाटलेत ते तुम्ही रोज बघताय. समजा, एक विभाग बंद करायचं चाललंय. तिथला कायदा असा की एका ठिकाणी ९० दिवसांच्या आत २० किंवा त्याहून जास्त लोकांना कमी करायचा प्रस्ताव असेल, तर युनियनशी किंवा निवडून दिलेल्या प्रतिनिधींशी आधी सल्लामसलत करावीच लागते. २० ते ९९ लोक असतील तर पहिला माणूस जाण्याच्या निदान ३० दिवस आधी ती सुरू व्हायला हवी. १०० किंवा जास्त असतील तर ४५ दिवस. आणि ती सल्लामसलत नोकऱ्या वाचवता येतील का, किती, यावरही व्हायला हवी. तुमच्याकडे मसुदा येतो त्यात वरच्याने घाईत लिहिलेलं असतं की अमुक विभाग अमुक तारखेला बंद होत आहे. तो मेल तसाच गेला तर सल्लामसलत नावापुरती होती याचा लेखी पुरावा तुम्ही स्वतः बाराशे लोकांना पाठवलात. हा मेल कुठे थांबवायचा हे ज्याला कळतं त्याला मॅनेजर पुढच्या वेळी मसुद्याच्या आधीच बोलावते. तुमच्या वर्षाच्या सीपीडीतला मोठा भाग इथे खर्च करा: त्या कायद्याचं एक सत्र, एचआरच्या आणि युनियनच्या माणसाशी चहा, मागच्या वेळचे मेल काढून त्यावर लोकांनी काय विचारलं होतं त्याचं वाचन. वाचन आणि कामावर लिहिलेलं टिपणही सीपीडीत धरलं जातं, वेबिनारच लागतो असं नाही.

नीतिमत्तेच्या गुणांना लोक सगळ्यात जास्त कंटाळतात, आणि माझ्या मते ते सगळ्यात कामाचे. कारण आपल्या धंद्यात तो प्रसंग येतोच. शुक्रवारी दुपारी वरून निरोप येतो: 'नोकऱ्या कमी करण्याचा कोणताही विचार नाही असं एक वाक्य टाका.' आणि यादी तुम्ही सकाळीच पाहिलेली असते. गुप्तता तर पाळायची आहे, खोटं तर लिहायचं नाही. त्या वेळी काय म्हणायचं याची तालीम आधी झालेली लागते. मी असल्या वेळी 'याबद्दल आज काही सांगता येत नाही, अमुक तारखेला सांगू' या वाक्यावर अडून बसायचे. साहेबांना ते आवडायचं नाही. पण तारीख लिहिली की माणसं थोडी थांबतात, आणि सोमवारी आपल्याला त्यांच्या शेजारी बसून जेवता येतं.

मेल मात्र वेबिनारच्या वेळी उरकू नका. त्यापेक्षा वेबिनार बंद करा.

प्रश्न: मॅडम, खानदेशातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या गृहपत्रिकेचं काम मी बरीच वर्षं पाहतोय. वय ५३. अंक अजून श्रीलिपीत लागतो. नवे सीईओ म्हणतात, यापुढे मजकूर एआय लिहील, तुम्ही फक्त नजर टाका. पाच-सहा वर्षं नोकरी उरली आहे. या वयात आता काय शिकायचं?

पाच-सहा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत.

पहिलं काम युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर सारखीच दिसणारी अक्षरं. पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपीने मराठी छपाईचे पांग फेडले, मी तिच्यावरच वाढले, तिच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पण त्या जुन्या फॉन्टांत लावलेला मजकूर शोधता येत नाही, फोनवर पाठवला तर चिन्हांचा चिवडा दिसतो. तुमच्या बँकेचा सगळा इतिहास त्या फायलींत अडकलाय. तो युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं फुटतात, ती डोळ्यांनी तपासावी लागतात, आणि हे डोळे सीईओंकडे नाहीत. हात जुन्या कीबोर्डवर बसलेला असला तरी इनस्क्रिप्ट हा युनिकोडचा कीबोर्ड शिका. ते दिसतं तेवढं अवघड नाही.

दुसरं, एआयला घाबरूही नका आणि डोक्यावरही घेऊ नका. सीईओ म्हणतात तशी 'फक्त नजर टाकणं' हे लिहिण्यापेक्षा जड काम आहे, हे त्यांना करून दाखवा. एक प्रयोग करा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेक क्लिअरिंगची पद्धत बदलली: पूर्वी चेक गठ्ठ्याने जायचे, आता ठरलेल्या वेळेत आलेला चेक स्कॅन होऊन लगेच पुढे जातो आणि चेक ज्या बँकेचा आहे तिला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगावं लागतं. शाखेतल्या लोकांसाठी यावर टिपण लिहून दे, असं एआयला सांगा. 'आम्हाला हे कळवताना अत्यंत आनंद होत आहे' इथून ते सुरू होईल. 'ग्राहकांचा बँकिंग अनुभव उंचावेल' असंही म्हणेल. पण काउंटरवरच्या मुलीला हवं असतं ते त्यात नसेल: ठरलेली वेळ टळल्यावर साडेचार वाजता आलेल्या माणसाला काय सांगायचं? खात्यात पैसे नसताना चेक दिलेल्या आणि 'दोन दिवस मिळतात' अशा समजुतीत असलेल्या जुन्या सभासदाला आज सकाळीच फोन करायचा का? ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही त्या सभासदाला ओळखता. मग एआयचा मसुदा आणि तुमची दुरुस्ती, दोन्ही सीईओंपुढे ठेवा.

एआयचा उपयोग कुठे होतो तेही शिका. लांबलचक परिपत्रक आटोपशीर करायला, 'यावर कर्मचारी काय-काय विचारतील?' याची यादी काढायला ते झकास आहे. मी स्वतः वापरते. फक्त खातेदारांची नावं, थकबाकीच्या याद्या, कुणाची चौकशी चालू आहे, असलं काहीही त्यात टाकायचं नाही. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झालाय. तो तुमच्या बँकेने कसा पाळायचा ठरवलंय ते आयटीच्या माणसाकडून समजून घ्या, आणि गृहपत्रिकेत फोटो छापताना कुणाची परवानगी घ्यायची याचा नियम तुम्हीच लिहून काढा.

आणि एक. अंक हातात पडला की लोक शेवटचं पान आधी उघडतात, खरं ना? निवृत्त होणाऱ्यांचे फोटो, दहावी-बारावीच्या मुलांचे मार्क. आमच्याकडेही तसंच होतं. एमडींचं मनोगत पहिल्या पानावर आणि वाचक शेवटून सुरू. ते शेवटचं पान एआयच्या हाती देऊ नका. वाटल्यास मनोगत द्या.

प्रश्न: मी २८ वर्षांची आहे, मुंबईत एका लिस्टेड कंपनीच्या कम्युनिकेशन टीममध्ये. पुढे जायचं तर आयएबीसीचं सर्टिफिकेशन करू की सरळ एमबीए?

आयएबीसी ही अमेरिकेत १९७० मध्ये दोन औद्योगिक संपादक संघटना एकत्र येऊन झालेली, संवादाचं काम करणाऱ्यांची संस्था. तिच्याशी जोडलेली दोन सर्टिफिकेशनं आहेत: सीएमपी आणि त्याच्या वरचं एससीएमपी. दोन्ही अनुभवी माणसांसाठी, आणि मिळाल्यावरही शिकत राहिल्याचं दाखवून टिकवावी लागतात. परदेशी कंपनीत किंवा परदेशात जायचं मनात असेल तर थोडी वर्षं जाऊ द्या आणि मग सीएमपी करा. इथेच राहायचं असेल तर एमबीए तुमचा एचआर फिल्टर ओलांडायला जास्त उपयोगी, हे कडू असलं तरी खरं आहे. फीचा आकडा बघून घरी बोला.

तोवर घराजवळचं सोडू नका. असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स ऑफ इंडिया ही १९५७ पासूनची संस्था तुमच्या मुंबईतच आहे. गृहपत्रिकांना, अंतर्गत मोहिमांना बक्षिसं देते. तिथे प्रवेशिका पाठवण्याचा खरा फायदा बक्षिसाचा नाही. आपण काय केलं, कशासाठी केलं आणि त्याने काय झालं, हे दोन पानांत लिहावं लागतं, तेव्हा तिसऱ्या प्रश्नापाशी पेन थांबतो. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाच्याही शाखा ठिकठिकाणी आहेत.

लिस्टेड कंपनी म्हणालात म्हणून अजून एक. निकालाचं अंतर्गत पत्र, विलीनीकरणाच्या घोषणेचा मसुदा, हे तुमच्या लॅपटॉपवर बाजाराच्या आधी येतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार ही अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती, म्हणजे अजून बाहेर न आलेली आणि शेअरचा भाव हलवू शकणारी. तिमाही संपली की निकाल जाहीर होऊन ४८ तास होईपर्यंत अशी माहिती हाताळणाऱ्यांना कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. अशी माहिती हाताळणाऱ्यांच्या कंपनीच्या यादीत तुमचं नाव आहे का, हे उद्याच कंपनी सेक्रेटरीला विचारा. त्यांच्याकडून अर्ध्या तासात जे कळेल ते कुठल्याही सर्टिफिकेशनच्या आधी कळलेलं बरं. डिझायनर, भाषांतरकार, छापखाना यांच्याकडे मसुदा जातो, तेव्हा तीही माणसं त्या यादीत यायला हवीत का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

प्रश्न: वाळूजमधल्या एका कारखान्यात मी एचआर प्रमुख आहे. आमच्या संवाद टीममधल्या दोघांना महागड्या कोर्सला पाठवलं. परत आल्यापासून 'एंगेजमेंट', 'ओपन रेट' असले शब्द ऐकू येतात, फरक काही दिसत नाही. कोर्सचा उपयोग झाला की नाही हे मोजायचं कसं?

साहेब, त्यांना पाठवताना काय शिकून या म्हणून सांगितलं होतं? पत्रात ते कुठेच नाही. बहुधा कोर्सच्या माहितीपत्रकाने ठरवलं आणि तुम्ही सही केली.

ओपन रेटने, म्हणजे किती जणांनी मेल उघडला या आकड्याने, त्यांनाही फसवू नये आणि तुम्हालाही. मेल उघडला म्हणजे वाचला असं नाही, वाचला म्हणजे पटला असं नाही. संवादाच्या मोजमापाची बार्सिलोना तत्त्वं म्हणून एक गोष्ट २०१० पासून आहे. त्यांतलं मुख्य असं: किती पाठवलं यापेक्षा त्याने काय बदललं ते मोजा. कारखान्यात हे मोजायला सॉफ्टवेअर लागत नाही. बसच्या वेळा बदलल्याची सूचना लागली. दुसऱ्या सोमवारी किती जणांची बस चुकली? थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद करा, अशी मोहीम झाली. त्या नोंदी वाढल्या का? (त्या वाढल्या तर सेफ्टी ऑफिसर घाबरतो, तुम्ही घाबरू नका. पूर्वी लोक लपवत होते.) मेडिक्लेमचं कार्ड कसं वापरायचं ते समजावलं, टाइम ऑफिसकडे त्याच प्रश्नाचे किती फोन आले?

दोघांना बोलवा आणि येत्या तिमाहीतली अशी एकच गोष्ट त्यांना निवडू द्या, आकड्यासकट. कोर्समधलं काय वापरणार ते त्यांनीच सांगावं. मोजायला आधीचा आकडा लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी कुणी ठेवलेला नसतो, म्हणून पहिला महिना नुसती नोंद करण्यात जाईल. तो जाऊ द्या. त्या महिन्यात त्यांना टाऊनहॉलचं काम देऊ नका, आणि त्यांच्याबरोबर एकदा तुम्हीही सेकंड शिफ्टला गेटवर उभे राहा.